छोट्या दाव्याचा कैवार

श्रीवर्धनहून परळला जायचं तर म्हसळा, माणगाव, पनवेल अशी पाच-सहा तासांची एसटी. माझ्या काकूने ही वाट वर्षभरात इतक्या वेळा केली की वाहक तिला ओळखून पुढची खिडकी द्यायचे. डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढलेली, मग केमो, मग किरणांचा शेक. मुंबईत मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. दोन केमोंच्या मधे ती घरी आली की आमच्या ओटीवर दोन पक्ष भांडायला बसत. एका बाजूला शेजारचे निवृत्त गुरुजी : “वहिनी, हे विष कशाला टोचून घेता? रोज अर्धा तास कपालभाती करा, गाठी विरघळतात.” दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला माझा चुलतभाऊ : “योगबिग सगळं थोतांड. आई, तू नुसती पडून राहा.” माया दोघांचीही खरी होती. चूकही दोघांची एकच होती. हलक्या व्यायामाकडे नेमकं काय मागायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गुरुजींपासून सुरुवात करतो, कारण त्यांची चूक जिवावर बेतणारी आहे. उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरलेल्या २८१ कर्करोग्यांची तुलना अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी रीतसर उपचार घेतलेल्यांशी केली. २०१८ च्या त्यांच्या निबंधात पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून जास्त. हे सगळे आजार पसरण्याआधी सापडलेले, म्हणजे बरे होण्याची उमेद असलेले रुग्ण होते. इथे वादाला जागा उरत नाही.

यावर गुरुजींचा सौम्य अवतार बोलतो : “आम्ही कुठे उपचार सोडा म्हणतो? जोडीला करा म्हणतो.” हे मलाही पटतं. म्हणूनच त्याच संशोधकांचा त्याच वर्षीचा दुसरा निबंध माझ्याच बाजूला टोचतो. त्यात जोडीला पूरक उपचार घेणाऱ्यांचाही मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. मग आत शिरून पाहिलं, तर या मंडळींनी शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार, संप्रेरकांच्या गोळ्या यांपैकी काही ना काही जास्त प्रमाणात नाकारलं होतं. तो नकार हिशेबात धरल्यावर फरक ठामपणे उरला नाही. म्हणजे प्राणायामाने कुणाला मारलं नाही. ‘प्राणायाम चालू आहे ना, मग पुढची केमो राहू दे’ या वाक्याने मारलं. तेव्हा कर्करोग्याला योग शिकवणाऱ्याने आसन सांगण्याआधी विचारावं : पुढची तारीख कधीची?

आता ओटीवर गाजलेल्या १५ टक्क्यांची गोष्ट. परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी झाली. सोपी, विसावा देणारी आसनं, मधूनमधून शवासनासारखी विश्रांती आणि प्राणायाम, असा तिचा साचा होता. २०२२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरने सांगितलं की योगाच्या गटात रोगमुक्त राहण्यात १५ टक्के आणि जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली. ‘सापेक्ष’ हा शब्द आमच्या ओटीपर्यंत पोचता पोचता गळून गेला आणि ‘योगाने शंभरातल्या पंधरा बायका वाचतात’ एवढंच उरलं. समजा, शंभरातल्या पंचवीस जणींचा आजार पुन्हा उलटणार असता, तर त्यात १५ टक्के घट म्हणजे पंचविसाच्या जागी एकवीस. शंभरात चार. चार जणी म्हणजे काही थोड्या नव्हेत. पण ८५० जणींचे दोन गट केल्यावर शंभरात चारचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि त्या आकड्यांवर जाणकारांनी शंका घेतल्याच. चाचणी केली हे टाटाचं मोठं काम, त्याला मी उणं म्हणत नाही. फक्त योगाचा कैवार घेताना मी या पंधरा टक्क्यांवर घर बांधणार नाही. उद्या वीट निसटली तर सगळी भिंत बदनाम होईल, आणि त्या भिंतीच्या बाकीच्या विटा पक्क्या आहेत.

त्या विटा माझ्या चुलतभावासाठी. ‘पडून राहा’ हा सल्ला आपल्याकडे इतका मुरलाय की तो चुकीचा असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. ताप आला, पडून राहा. बाळंतीण, पडून राहा. कर्करोगाचा थकवा मात्र झोपेने भरून निघणारा नाही. काकू म्हणायची, “रात्रभर झोपून उठले तरी पोफळीचं शिंपण करून आल्यासारखं वाटतं.” पडून राहिलं की स्नायू झिजतात, झिजले की जिना चढणं जड होतं, जड झालं की माणूस आणखी पडतो. हे चक्र उलटं फिरवायला जेवढं झेपेल तेवढं हलणं हाच उपाय हाताशी आहे. स्तनाच्या कर्करोगात योगावर झालेल्या २४ चाचण्यांचा, दोन हजारांहून जास्त बायकांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये काढला. काहीच न करण्यापेक्षा योगाने थकवा आणि झोप सुधारते, असं त्यात निघालं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत उपचार संपलेल्या, पण झोप हरवलेल्या ४१० जणांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे हलका योग दिला. त्यांची झोप सुधारली, झोपेच्या गोळ्याही कमी झाल्या. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये चिंता आणि नैराश्यासाठी योगाची शिफारस केली, आणि २०२४ मध्ये थकव्यासाठी चीनमधल्या ताई ची, चिगाँग या संथ हालचालींनाही जागा दिली.

चुलतभावाचा शेवटचा बाण असा : “हे सगळं मनाचं समाधान. आपण योग करतोय हे रुग्णाला माहीत असतं, मग बरं वाटणारच.” आक्षेप रास्त आहे. साखरेची गोळी गुपचूप देता येते, पवनमुक्तासन गुपचूप देता येत नाही. पण थकवा मोजायची नळी कुठल्या प्रयोगशाळेत आहे? थकवा म्हणजे रुग्ण सांगतो तोच. तो कमी झाला, रात्री झोप लागली, गोळी सुटली, तर ‘नुसतं समाधान’ म्हणून नाक मुरडायचा हक्क धडधाकट माणसाला कुणी दिला? आणि योगाला मोजमापाचं वावडं आहे हेही खरं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तेव्हा क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी योगक्रिया तपासायला घेतल्या होत्या. गुरुजींनी आणि माझ्या भावाने, दोघांनीही तिकडे एकदा जाऊन यायला हरकत नाही.

दोन्ही पक्षांचं एकमत असलेली एक गोष्ट आहे, आणि तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. “मन खंबीर ठेव, सगळं मनावर असतं.” कर्करोग मनावर नसतो. आमच्या श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, तिच्यावर कितीक घरं उभी राहिली, माझंही. पण सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. तोंडाच्या कर्करोगाचं मूळ शोधायचं तर ते खळ्यावर वाळत पडलेलं दिसेल, कुणाच्या नकारात्मक विचारांत नाही. (काकूच्या आजाराशी मी सुपारीचा धागा जोडत नाही. तिने आयुष्यात खांड तोंडात टाकलं नाही.) आजार उलटला की ‘मन खंबीर नव्हतं’ असा ठपका रुग्णावरच येतो. मनाचा व्यायाम शिकवायचा तो मन शांत व्हावं म्हणून. आरोपपत्र तयार करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे व्यायाम म्हटला की औंधच्या महाराजांचे सूर्यनमस्कार नाहीतर जोर-बैठका आठवतात. घाम फुटला नाही तर तो व्यायामच नव्हे. कर्करोग्याचा व्यायाम याच्या अगदी उलट्या टोकाला बसतो. खुर्चीत बसून खांदे फिरवणं. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणं. भिंतीला बोटं लावून हात इंचाइंचाने वर चढवणं. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांत धरतात. त्याला कुणी योग म्हणत नाही, पण श्वास संथ ठेवून, कळ सोसेल तिथवरच जाऊन थांबणं त्यातही असतंच. कपालभाती मात्र पोटाला हिसके देते, नुकतं पोट उघडलेल्या माणसाला ती सांगणं म्हणजे टाके उसवायला बसणं. हाडात आजार उतरलेला असेल तर पाठ पिळणारी, कमरेत खोल वाकवणारी आसनं नकोत. प्लेटलेट घसरल्या असतील तर पडायची भीती, पायांना मुंग्या असतील तर एका पायावरचं वृक्षासन नको.

आणि जीव वाचवणाऱ्या व्यायामाचं श्रेय योगाने उसनं घेऊ नये. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होते, नुसती आरोग्याची पुस्तिका दिलेल्यांपैकी ७४ टक्के. तो व्यायाम दम लागेल असा होता, भरभर चालण्यासारखा. ज्याला झेपेल त्याने तोही करावा. त्याला योगाचा विजय म्हणू नये.

गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग घ्यायची तरतूद आहे. तिथल्या शिक्षकाला आणखी आसनं शिकवू नका, चार प्रश्न शिकवा : ऑपरेशन कुठलं झालं, हाडात आजार आहे का, काउंट किती आलेत, पुढची तारीख कधीची. उत्तरं ऐकून कधीकधी ‘आज नको’ म्हणायलाही शिकवा.

आमच्या माजघरात कॅलेंडरशेजारी पेन्सिलीच्या रेघा आहेत. काकूचा हात रोज जिथवर चढे तिथे ती रेघ ओढायची, पुढे तारीख घालायची. मधे नऊ दिवस एकही रेघ नाही. ते केमोचे दिवस.