एक सेमिस्टर परदेशात

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न पैशाचा. केंद्राची ‘पढो परदेश’ व्याज अनुदान योजना २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हापासून तो आणखी अवघड झाला. म्हणून मी इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना आधी एक्स्चेंजबद्दल सांगतो. दोन विद्यापीठांत करार असेल तर फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिकडची ट्यूशन फी सहसा माफ. युरोपच्या इरॅस्मस प्लसमधून निवड झाली तर राहण्या-खाण्यासाठीही पैसे मिळतात. आपल्या कॉलेजचा असा करार आहे का, हे मात्र ऑफिसात जाऊन विचारा. नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका.

आपली खरी अडचण नावाची आहे. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीतला शेख ‘एस-एच-ए-आय’चा, आधारवर ‘एस-एच-ई-आय’चा. मोहम्मद एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसता ‘एमडी’. पासपोर्ट आणि मार्कशीट जुळली नाही की अर्जापासून व्हिसापर्यंत खुलासे देत बसावं लागतं. ही दुरुस्ती दुसऱ्या वर्षातच करून घ्या. राजपत्रात नाव छापून यायला वेळ लागतो.

मुलींच्या घरची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. पण इथे मुदत चार-पाच महिन्यांची, हॉस्टेलचा पत्ता आणि परतीची तारीख कागदावर असते. दोन वर्षांच्या मास्टर्सपेक्षा अब्बांना हे पटवणं सोपं. आणि निघण्याआधी तिकडचे कोणते विषय इकडे धरले जातील, ते विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विमानात बसू नका.