दाराबाहेरचे बटण

नवे घर पाहायला जाणारी माणसे काय काय विचारतात, याची एकदा यादीच करायला हवी. स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, पाणी किती वाजता येते, शेजारी कोण, स्टेशन किती मिनिटांवर, सारे विचारून होते. पण न्हाणीघराच्या दिव्याचे बटण कुठे आहे, असे विचारणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात अजून यायचा आहे. आमच्या आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता. मोरीच्या कोनाड्यात चिमणी, पडवीत तांब्याचा बंब. फार तर डोळ्यांत धूर जाई. आता त्याच चिमुकल्या खोलीत शॉवर आहे, गीझर आहे, पुष्कळ घरी कपडे धुण्याचे यंत्रही आहे. पाणी आणि वीज यांचे पटत नाही, असे आपण म्हणतो. खरे तर त्यांचे फारच पटते. मधल्या मध्ये सापडतो तो माणूस.

यंदा गणपती उठल्यावर आमच्या न्हाणीघराची दुरुस्ती निघाली. मिस्त्रीने सुचवले, बटणांची पाटी आत आरशाशेजारी घेऊ, शोभेल. सौ.ला आणि मुलीला ते एकदम पसंत पडले. बटण बाहेर असले की आत माणूस असताना कुणीतरी दिवा मालवतो आणि मग आतून आरोळी ऐकू येते, ही त्यांची तक्रार होती. आणि ती खोटी नव्हती. पण वायरमन पडला जुना माणूस. तो म्हणाला, "सर, बटण बाहेरच राहील. आत पाहिजे असेल तर दुसरा माणूस बघा."

"का हो? आत काय बिघडतं?"

"कोरडा हात आणि ओला हात ही दोन वेगळी माणसं आहेत, सर."

वाक्य मला आवडले. भाषेच्या मास्तराला वाक्य आवडले, की तो त्याचा अर्थ शोधत बसतो. हिशेब असा आहे. आपल्या घरातला विजेचा दाब 230 व्होल्ट. कोरडी कातडी विजेला चांगलाच अडथळा करते, हजारो ओहमचा. अंग ओले झाले, की तोच अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. मग अंगातून पाव अँपिअरच्या जवळपास प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवायला याहून पुष्कळ कमी पुरतो.

"पण फ्यूज आहे ना?" हा आपला ठरलेला प्रश्न. फ्यूज किंवा हल्लीचा एमसीबी हा तारांचा राखणदार आहे, माणसांचा नव्हे. 16 अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअर म्हणजे किस झाडकी पत्ती! तो जागचा हलतसुद्धा नाही. माणसाची राखण करणारे यंत्र निराळे. त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचे काम एखाद्या कारकुनासारखे आहे. एका तारेने गेलेली वीज आणि दुसरीने परत आलेली वीज, यांचा जमाखर्च ते अखंड ताडून पाहते. 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 16 अँपिअरच्या सुमारे पाचशेव्या भागाचा, फरक आला की वीज कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, गळते आहे असे समजून ते निमिषार्धात पुरवठा तोडते. त्यावर एक छोटे 'टी' बटण असते. अधूनमधून ते दाबावे आणि यंत्र पडते का पाहावे. पडले नाही, तर वायरमनला बोलवावे. मात्र दोन्ही तारा एकाच वेळी हाती आल्या, तर या कारकुनालाही फसगत कळत नाही. म्हणून तो असला तरी बटण बाहेरच बरे.

इंग्लंडात न्हाणीघरातल्या दिव्याला छतापासून दोरी लोंबते. ओढली की दिवा लागतो. ओला हात बटणापर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे बटण दाराबाहेर, हा त्याहून सोपा उपाय. गीझरचे बटणही बाहेरच हवे, दोन्ही तारा तोडणारे, आणि लाल दिवा असलेले. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, तेव्हा त्याला 16 अँपिअरचा जाड पिनांचा प्लगच लागतो. 6 अँपिअरच्या बारक्या प्लगावर त्याला जगवू नये.

आणि ती तिसरी पिन! बाकीच्या दोघींपेक्षा ती जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की आत जाताना ती सर्वांआधी टेकावी व निघताना सर्वांनंतर सुटावी. जाड अशासाठी, की चुकूनही विजेच्या भोकात शिरू नये. तिला वायरमन 'अर्थ' म्हणतो. आयुष्यभर मुलांना अर्थ समजावणाऱ्या मला हा अर्थ तितकाच मोलाचा वाटतो. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर चालवलेला गीझर, शब्दशः निरर्थक!

एवढे सारे ऐकून सौ. आणि मुलगी वळल्या. पण आई बोलली. वय अठ्ठ्याहत्तर. "अरे, रात्री अंधारात बाहेरचं बटण मला सापडेल का?" विजेपासून वाचवावे आणि अंधारात पाडावे, यात शहाणपण कसले? वायरमनने दाराच्या कडीच्या बाजूला, कोपराच्या उंचीवर, सदा मिणमिणणाऱ्या दिव्याचे बटण बसवले. आईने डोळे मिटून ते चाचपून पाहिले, मग होकार दिला. आत कुणी असताना दिवा जाण्याच्या तक्रारीवर मात्र उपाय जुनाच: बटणाला हात लावण्याआधी "आत कोण आहे?" असे विचारावे.

हे सारे स्वतःचे घर असलेल्यांचे झाले. माझ्या वर्गातली कितीतरी मुले भाड्याच्या खोलीत, बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवतात. तिथे भिंत घरमालकाची, बटणाची जागाही त्याचीच. पाणी कितपत तापले ते पाहायला बादलीत बोट घालणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना मी वर्गात सांगतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा सांगणार आहे: आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि मगच पाण्यात हात. कुणाला झटका बसून तो चिकटलाच, तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन बंद करा. परीक्षेत हा प्रश्न येत नाही. तरी एवढे उत्तर पाठ असावे.