नगरवनातला एक एकर

२०२५ च्या मार्चअखेरीस कंचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर बुलडोझर फिरू लागले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. हैदराबादच्या माणसाला जंगल हवे आहे की नको, या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात मिळाले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वर्तमानपत्रांनी पाने भरली, आणि एरवी राजकारणावर न बोलणारे आपले सभासदही त्या विषयावर हिरिरीने बोलू लागले. जंगल वाचवण्याबद्दल आता फारसे समजवावे लागत नाही. पण वाचवलेले जंगल कोणाकोणाच्या उपयोगी पडते, याची चर्चा मात्र कोणी करत नाही. या अंकात ती आम्ही करणार आहोत.

तेलंगणात २०१५ पासून हरित हारम योजनेखाली शहराभोवतीच्या राखीव वनखंडांना कुंपणे घालून वनोद्याने तयार करण्यात आली. कंडलकोयाचे ऑक्सिजन पार्क आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ही कामे चांगलीच झाली. पण ही उद्याने पाहिली की वाटते, सारी आखणी एकाच नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. त्याचे वय चाळीस-पंचेचाळीस, पायात बूट, डॉक्टरने सांगितलेली साखर किंवा रक्तदाब, आणि सकाळी सहाला चार फेऱ्या मारण्याचा नेम. या नागरिकाविषयी आमची तक्रार नाही. आम्हीही त्याच वयाचे आहोत. पण शहरात तो एकटा राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात बौद्धिक अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून काम करते आहे आणि दूरदूरचे आईबाप मुलांना घेऊन तेथे येतात. ही मुले उपचाराचा तास संपल्यावर कुठे जातात? अंध मुलाला जंगल म्हणजे काय हे कोण दाखवते, आणि कसे? आपल्या घरांतली वडीलधारी माणसे पाहा. काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा, शालीबंडा या भागांतले वाडे गेले, अंगणे गेली, तुळस आणि पारिजातक गेले. आजी-आजोबा कुकटपल्ली-मियापूरच्या सातव्या मजल्यावर राहायला गेले. त्यांतल्या कोणाला विस्मरणाचा आजार जडला की घराचे दार आतून कुलूप लावून ठेवावे लागते. बँकेच्या काउंटरवर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला येणारी वृद्ध मंडळी आम्ही पाहतो. वर्षात घराबाहेर पडण्याचे ते एवढेच निमित्त असावे, अशी त्यांतल्या काहींची स्थिती असते.

यासाठी आम्ही एक साधी मागणी मांडत आहोत. प्रत्येक नगरवनाच्या प्रवेशदाराजवळ एक एकर जागा पंचेंद्रियांच्या बागेसाठी राखावी. इंग्रजीत हिला सेन्सरी गार्डन म्हणतात. नाव नवे असले तरी त्यातले सामान आपल्या परिचयाचे आहे. मरवा, दवणा, सब्जा, गवती चहा, पानओवा, वाळा, कढीपत्ता ही पाने चुरून वास घेण्याची. बकुळ, सोनचाफा आणि पारिजातक यांचा सुगंध आपोआप येणारा. लाजाळू बोट लावण्यासाठी. ऐकण्यासाठी बांबूचे बेट आणि थोडे वाहते पाणी. हाताने चाचपण्यासाठी झाडांच्या वेगवेगळ्या साली, आणि आपल्या दख्खनचा तो अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइटचा खडक, जो या शहरात कोठूनही आणावा लागत नाही. आमच्या पोरांनी हा खडक इमारतींच्या पायात फोडला जाताना पाहिला आहे. एखाद्या अंध मुलीने तो तळहाताने पाहावा, असे आम्हांला वाटते.

मात्र झाडे लावली की बाग झाली असे नाही. वाफे गुडघ्याच्या वर उचललेले हवेत, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा हात रोपापर्यंत पोहोचतो. वाट इतकी रुंद हवी की दोन खुर्च्या समोरासमोरून जातील. चढ सौम्य हवा, बारा फुटांना एक फुटाहून अधिक नको. हाताला धरायचा कठडा मध्येच तुटता कामा नये, कारण अंधाच्या दृष्टीने तोच रस्ता असतो. विस्मरण झालेल्या वृद्धांसाठी वाट वळून पुन्हा सुरुवातीलाच यावी. पुढे भिंत आली की ही माणसे घाबरतात. स्वमग्न मुलांपैकी काहींना आवाज आणि गर्दी सोसत नाही, म्हणून एक कोपरा शांत, सावलीचा आणि मोकळा हवा. कण्हेर, धोतरा, रुई यांना येथे प्रवेश नको, कारण इथली पाने मुलांच्या तोंडात जाणार. आणि हैदराबादचा उन्हाळा लक्षात घेता जो कठडा मे महिन्यात हात भाजवतो तो लोखंडी कठडाही नको.

या गोष्टींचा खरोखर उपयोग होतो का, असे विचारणे रास्त आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, हेही सांगितले पाहिजे. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'वनस्नाना'ची कल्पना मांडली. सिंगापूरच्या उद्यान मंडळाने २०१६ मध्ये हॉर्टपार्कमध्ये वृद्धांचा आणि विस्मरणाच्या रुग्णांचा विचार करून उपचार-उद्यान उघडले आणि पुढे त्यांची संख्या वाढवली. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनखात्याने मार्च २०२१ मध्ये राणीखेतजवळ कालिका येथे तेरा एकरांच्या चीडवनात वन-उपचार केंद्र सुरू केले. या बागांनी आजार बरा होतो असे कोणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मन शांत होते, थोडी हालचाल होते, माणूस माणसांत येतो, आणि सांभाळणाऱ्यालाही तासभर श्वास घेता येतो. एवढा लाभ आम्हांला पुरेसा वाटतो.

आपल्या शहराला हे नवीन आहे असेही नाही. इंदिरा पार्कात २०२० मध्ये सुमारे एक एकरात पंचतत्त्व पार्क झाले. खडी, नदीतले गोटे, वाळू, झाडाची साल, माती आणि पाणी यांवरून अनवाणी चालण्याची गोल वाट, आणि भोवती औषधी झाडे. पाहून यावे असे ते काम आहे. म्हणजे एक एकर मिळतो, पैसा मिळतो आणि कल्पनाही सुचते. फक्त ही वाट ज्याचे पाय धडधाकट आहेत त्याच्यासाठी आहे. चाकाच्या खुर्चीने गोट्यांवर कसे जायचे, हा प्रश्न आखणीच्या टेबलावर कोणी विचारला असता तर तेवढ्याच जागेत दोघांची सोय झाली असती. याच पार्काशेजारी धरणा चौक आहे. शहराला आपली मागणी ऐकवायची असेल तर कुठे उभे राहावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा करमणुकीच्या आणि विरंगुळ्याच्या सार्वजनिक जागाही सुगम असाव्यात असे मानतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. ज्या अहवालाचा आधार न्यायालयाने घेतला तो आपल्या हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राने तयार केला होता. अहवाल आपल्या गावात लिहिला जातो आणि बागेचे फाटक मात्र खुर्ची आत जाणार नाही एवढेच उघडते, ही गोष्ट आपल्या नगरसेवकांपुढे ठेवण्यासारखी आहे.

आता हिशोब. केंद्राच्या नगरवन योजनेत, जी २०२० मध्ये जाहीर झाली, दर हेक्टरी ४ लाख रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले. वीस हेक्टरांच्या वनाला ८० लाख होतात. एका एकराच्या वाट्याला या दराने दीड लाखाच्या वर थोडेच येतील, आणि त्यात कठडे, उंच वाफे, ब्रेल पाट्या बसणार नाहीत. उरलेला खर्च महापालिकेने किंवा कंपन्यांनी उचलावा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण व अपंगकल्याण हे दोन्ही विषय त्यात बसतात. पण आमची खरी काळजी दुसऱ्या वर्षाची आहे. देणगीतून दहा लाखांची ठेव ठेवली आणि व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला सत्तर हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांहूनही कमी येतात. त्यात एक माळीसुद्धा बसत नाही. तेव्हा उद्घाटनाची फीत कापण्याआधी देखभालीची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दिसली पाहिजे. ती ओळ नसेल तर बाग मागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाळलेल्या वाफ्यांवर ब्रेल पाटी ठेवणे ही थट्टा होईल.

दोन आक्षेप येतील. पहिला असा की बागेच्या नावाखाली जंगलातच बांधकाम शिरेल. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे, आणि म्हणूनच आमची मागणी प्रवेशदाराजवळच्या, वाहनतळ आणि तिकीटखिडकीने आधीच मोकळ्या झालेल्या जागेपुरती आहे. एकही उभे झाड तोडू नये, सिमेंटची फरशी घालू नये, आणि केबीआरसारख्या राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या वनाला हात लावू नये. दुसरा आक्षेप आपल्याच बैठकीत येईल: मराठी मंडळाने मराठी शाळांचे, भाषेचे प्रश्न सोडून हे कशाला काढावे? आमचे उत्तर असे की आपण या शहरात पिढ्यान्पिढ्या राहतो, कर भरतो, मत देतो. फक्त स्वतःपुरते मागणाऱ्या समाजाला शहर पाहुणा समजते. या बागेतल्या पाट्या तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि त्यांच्या ब्रेलमध्ये असाव्यात. मराठी पाटीचा आग्रह आम्ही येथे धरणार नाही. मरव्याचा वास आपल्या आजीला पाटीशिवाय कळतो.

सभासदांना आमची विनंती आहे की येत्या रविवारी आपल्या जवळच्या वनोद्यानात जावे आणि पाच गोष्टी पाहून याव्यात. फाटकातून चाकाची खुर्ची आत जाते का? पायऱ्यांशेजारी उतार आहे का? पहिले बाकडे फाटकापासून किती पावलांवर आहे? खुर्चीसह वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का? आणि जेथे डोळे नसलेल्या माणसाला काहीतरी 'पाहता' येईल अशी एक तरी जागा आहे का? उत्तरे कागदावर लिहून, उद्यानाचे नाव आणि तारीख घालून मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. ती एकत्र करून वनखात्याला आणि महापालिकेला निवेदन देऊ. निवडणूक येईल तेव्हा मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, पक्ष कोणताही असो, हाच कागद ठेवायचा आहे. त्याने मान डोलावली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. देखभालीची ओळ अंदाजपत्रकात कोणत्या वर्षी येईल, ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.