चकचकीत थकबाकी

जुन्या जीपला आरशासारखा रंग देणाऱ्या माणसांचा मी जाहीर निषेध करतो. नव्या मोटारीला द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तीसेक वर्षं लाल चिखल तुडवलेल्या जीपवर पी.यू. रंगाचे थर, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, आणि त्यात बघून भांग पाडायची सोय, हा म्हाताऱ्या माणसाच्या मिशांना कलप लावून त्याच्या गुडघ्यांकडे दुर्लक्ष करण्याचा प्रकार आहे.

हे मी अनुभवाने बोलतो आहे, आणि तो अनुभव स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे. जीप मूळची देवरुखच्या काकांची, १९८८ सालची. काका गेल्यावर ती माझ्याकडे कोल्हापूरला आली. बँकेतल्या कारकुनाच्या दारात जीप दिसली की लोकांना तो वसुलीला निघालाय असं वाटतं. उधार नेलेला पाना सहा महिन्यांनी परत आणून देणारा शेजारी मला त्या काळात लाभला.

२०१७ साली मी ती एका गॅरेजात रंगवायला दिली. मालकाने विचारलं, "साहेब, साधा ऑइल पेंट, ड्यूको, का पी.यू.?" 'साधा' हा शब्द त्याने असा उच्चारला, की तो घेणाऱ्याला समोरच्या टपरीवरसुद्धा कोणी चहा देणार नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खर्च आणि लाभ यांचा ताळा मांडायला मला विद्यापीठाने शिकवलं होतं. भीड पडली की काय करायचं, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. मी पी.यू. म्हणालो. ४८,००० रुपये झाले.

जीप अशी चमकली, की वाड्यातल्या लोकांनी पेढे मागितले. दोन पावसाळे गेले आणि मडगार्डच्या कडेला तांदळाएवढे फोड आले. पुढच्या वर्षी ते वाटाण्याएवढे झाले. सौ. म्हणाली, "अहो, हिला गोवर आलाय का?" २०२१च्या दिवाळीत काकूंना कोल्हापूरला आणत होतो. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि शेजारच्या सीटवरून काकू ओरडल्या, "अरे, रस्ता आत आला!" त्यांचा उजवा पाय जीपच्या तळाच्या पत्र्यातून खाली गेला होता. चढ होता, गाडी रांगत होती, म्हणून पाय वाचला. चप्पल घाटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आतलं रबरी मॅटिंग उचललं आणि मडगार्डला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो पापडातून जावा तसा आरपार गेला. रंगाचा वरचा पापुद्रा मात्र अजून चमकत होता! गंज न खरवडता त्याच्यावर बोटभर लांबी भरली होती, आणि त्या लांबीला घासून घासून गुळगुळीत करून वर ती सगळी श्रीमंती चढवली होती. लांबी ओल धरते. खालचं लोखंड, ओल आणि हवा या तिघांची एकदा बैठक जमली की वरच्या रंगाची किंमत किती, हे ते विचारत नाहीत. जीपच्या चॅसीच्या कोपऱ्यात चिखल बसतो, तो आठवडाभर ओला राहतो, आणि काम शांतपणे चालू राहतं.

मला ते बघून आमची बँकच आठवली. शेतकऱ्याचं जुनं कर्ज फिटत नाही, म्हणून त्याला नवं देऊन जुनं फेडून घ्यायचं, याला आमच्याकडे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. कागदावर खातं चकचकीत, घरात तीच थकबाकी. ३१ मार्चच्या ताळेबंदाला जो मेकअप करतात तोच माझ्या जीपला केला होता; फरक इतकाच, की ताळेबंदातून काकूंचा पाय खाली जात नाही.

तेव्हा माझा पक्ष असा आहे. जुन्या जीपच्या रंगासाठी जे पैसे असतील ते रंगाच्या खाली घालावेत. कुजलेला पत्रा कापावा, नवा वेल्ड करावा, गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत तारेच्या ब्रशाने आणि काचपेपरने काढावा, त्याच दिवशी प्रायमर मारावा, आणि वरचा रंग म्हणजे लोखंडी गेटाला लावतात तो सिंथेटिक एनॅमल, चार इंची ब्रशने, स्वतःच्या हाताने. माझं पत्र्याचं काम १८,००० रुपयांचं झालं आणि रंग, टर्पेंटाईन, ब्रश धरून वरचा खर्च साडेतीन हजार.

हे ऐकून माझे मेहुणे खुर्चीतून उठलेच. ते पुण्याचे, आणि त्यांची मोटार पांढरी आहे. "दाजी, ब्रशच्या रेघा दिसतील!" दिसतात. पण आरशासारखा रंग पत्र्यातला प्रत्येक पोचा भिंगातून दाखवावा तसा दाखवतो, आणि माझ्या जीपला पोचे किती आहेत हे त्यांना ठाऊक आहे; त्यातले दोन त्यांचेच आहेत. मंद रंगात पोचे झोपून राहतात. करवंदीच्या जाळीने ओरखडा काढला तर मी डबा उघडतो आणि दहा मिनिटांत बुजवतो. पी.यू.ला ओरखडा गेला की अख्खा दरवाजा रंगवून घ्यावा लागतो, आणि माणूस जाळीकडे न्यायच्या गाडीला जाळीपासून जपत बसतो.

"आणि विकताना?" मेहुण्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. विकायचीच असेल तर चमक हवी, हे मला मान्य आहे. म्हणूनच चमकणारी जुनी जीप विकत घेताना आधी लोहचुंबक फिरवावा. लांबी जाड असेल तिथे तो धरत नाही.

घराणं बघायचं तरी ते काय सांगतं? दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांना मुद्दाम निस्तेज हिरवा रंग देत, कारण उन्हात चमकलेली जीप विमानातून दिसली असती. १९४८ साली इंग्लंडात लँड रोव्हर निघाली तेव्हा तिकडे पोलादाची टंचाई, म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. आणि रंग म्हणे विमानांच्या आतल्या बाजूला लावायचा युद्धातून उरलेला फिकट हिरवा. शिल्लक मालावर संसार सुरू केलेली ही जात आहे. तिला पार्टीला जायचे कपडे आत्ताच का?

मलाही तोच लष्करी हिरवा द्यायचा होता. तेव्हा कळलं, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला १२१वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवतो. शिवाय आर.सी. बुकात रंग लिहिलेला असतो. बदलला तर आर.टी.ओ.त नोंद करून घेणं आलं. मी कारकून आहे, दुसऱ्या कारकुनाच्या टेबलाला घाबरतो. जीप होती तशी करडी ठेवली.

एनॅमलचे दोष मी लपवत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत तो फिका पडतो, बोट फिरवलं की पावडर हाताला येते. डिझेल सांडून राहिलं की मऊ होतो. उद्या हौस येऊन त्यावर ड्यूको मारायला गेलात तर सुरकुत्या पडतात, आणि सगळा खरवडून पुन्हा श्रीगणेशा. पावसाळ्यात तर लावूच नये; मी २०२२च्या मे महिन्यात लावला, दोन पातळ हात, मधे एक दिवस. दुसऱ्या हाताच्या वेळी वळवाचा वारा सुटला आणि बोनेटवर कडुनिंबाचं एक फूल कायमचं चिकटलं. मेहुणे ते स्टिकर समजतात.

परवा काकूंना आणायला देवरुखला गेलो. अंगणात जीप उभी केली. मला वाटलं, रंगाबद्दल काहीतरी बोलतील. त्या काठी टेकत आल्या, दार उघडलं, मॅटिंगचा कोपरा उचलून खालचा पत्रा काठीने तीनदा ठोकला, आवाज ऐकला, आणि मग उजवा पाय आत ठेवला.

"चप्पल घालू ना रे?" त्यांनी विचारलं.