पावसाळा ओसरल्यानंतरची हिरवळ

घराभोवतीच्या हिरवळीची हिवाळ्यासाठी तयारी कशी करावी, याविषयीचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतून आलेले असल्यामुळे पुणे, नाशिक किंवा नागपूर येथील बंगल्यांच्या बागांत ते जसेच्या तसे अमलात आणल्यास फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो, आणि याचे कारण हवामानाइतकेच गवताच्या जातीतही आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सप्टेंबरमध्ये नवे बी पेरतात व खताची मोठी मात्रा देतात ते योग्यच असते, कारण तेथील केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू ही गवते साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात जोम धरतात. महाराष्ट्रातील हरळी, तिच्यातून निवडलेल्या लॉनच्या जाती आणि कोरियन गवत ही मात्र ‘सी-4’ गटातील, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात प्रथम चार कार्बन अणूंचे संयुग तयार करणारी व त्यामुळे कडक उन्हाचा अधिक चांगला उपयोग करून घेणारी गवते होत. ती 27 ते 35 अंशांत फोफावतात, थंडी वाढली की मंदावतात आणि निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की पिवळी पडून सुप्तावस्थेत जातात. या काळात पाती वाळली तरी जमिनीवर व जमिनीखाली पसरलेल्या खोडांत साठवलेले पिष्ट गवताला तगवून धरते, म्हणून ऑक्टोबरमधील निगा पाती वाढवण्यासाठी नसून हा साठा भरून घेण्यासाठी असते.

पावसाळ्याने जमिनीची जी अवस्था केलेली असते, तिच्याकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. काळी माती पावसात फुगते, पायांखाली दबते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसून भेगाळते. अशा घट्ट मातीत चार दातांचा काटा 8 ते 10 सेंटीमीटर खोल खुपसून छिद्रे पाडली आणि त्यांत चाळलेले कंपोस्ट व जाडसर वाळू झाडून भरली, तर मुळांना हवा मिळते. दरवर्षी हिरवळीवर लाल मातीचा थर पसरवण्याची जी पद्धत रूढ आहे, ती मात्र सोडून देण्याजोगी आहे, कारण भिन्न पोताच्या दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते आणि मुळे वरच्याच थरात घुटमळत राहतात.

हिरवळीचा एखादा भाग पाणी देऊनही सुकत असेल आणि हाताने ओढताच सतरंजीसारखा उचलला जात असेल, तर खाली हुमणी असण्याची दाट शक्यता असते. हुमणी म्हणजे पहिल्या वळिवानंतर जमिनीतून निघणाऱ्या भुंगेऱ्यांची मुळे खाणारी, पांढरट, अर्धवर्तुळात वळलेली अळी; हे भुंगेरे कडुनिंब व बाभळीच्या पाल्यावर जमत असल्यामुळे अंगणात कडुनिंब असलेल्यांनी ही तपासणी अवश्य करावी. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी सतत चोची मारू लागले, तर तीही सूचनाच समजावी. अळ्या थोड्या असल्यास वेचून काढणे पुरते, अधिक असल्यास मेटारायझियम ही कीटकांना रोग जडवणारी बुरशी ओलसर मातीत मिसळतात. लव्हाळा मात्र नुसता उपटून जात नाही, कारण त्याच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि मागे राहिलेली गाठ पुन्हा फुटते. खुरप्याने गाठींसह खणणे कंटाळवाणे असले तरी त्याला सोपा पर्याय नाही.

पावसाच्या पाण्याबरोबर नत्र वाहून गेलेले असल्यामुळे त्याची एक हलकी मात्रा पाऊस थांबताच देणे योग्य, मात्र थंडी पडू लागल्यावर नत्र दिल्यास कोवळी, रोगाला बळी पडणारी पाती फुटतात. त्या वेळी पालाश अधिक उपयोगी पडते. कापणीची उंचीही थोडी वाढवून हरळीसाठी 4 सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी आणि एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये. पाणी सकाळी द्यावे, कारण संध्याकाळच्या पाण्यात पहाटेच्या दवाची भर पडली की पाती दीर्घकाळ ओली राहून बुरशीचे डाग उमटतात.

सावलीचा हिशोब बहुधा कोणी करत नाही. पुण्यात जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर 21 डिसेंबरच्या सुमारास तो क्षितिजापासून 48 अंशांवरच राहतो. त्यामुळे दक्षिणेकडील 10 फुटी कुंपणभिंतीची सावली भर दुपारी सुमारे 9 फूट आत येते. भिंतीलगतची हिरवळ दर डिसेंबरात विरळ होते, तेव्हा दोष माळ्याच्या माथी मारला जातो. वास्तविक त्या पट्ट्यात गवताचा हट्ट सोडून फरशी किंवा सावलीतील झाडे लावणे शहाणपणाचे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सुप्त हरळीवर राय गवताचे बी पेरून हिवाळाभर हिरवा रंग टिकवतात, परंतु ते पाणी खूप मागते आणि वसंतात हरळीच्या फुटव्याशी स्पर्धा करते, म्हणून घरगुती बागेत पिवळेपणा सोसणेच बरे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्रींची थंडी ओसरली की वाळलेली पाती खालपर्यंत कापून नत्र द्यावे.