बुजवलेला ओढा



आपल्या शिवारात एखादा पट्टा असा असतो, की बाकी रान वाफशाला आले तरी तिथे बैलांचे पाय रुतत राहतात. नवा माणूस खत बदलतो, बियाणे बदलतो. मग बांधावर बसलेला म्हातारा सांगतो, "अरे, इथून ओढा जायचा. तुझ्या आज्याने बुजवला." ओढा बुजतो, पण पाणी आपली वाट सोडत नाही. ही साधी गोष्ट अमेरिकेतल्या शिकल्यासवरल्या साहेबांच्या गळी उतरवायला तिथल्या बायकांना केवढी यातायात करावी लागली, ते आज सांगायचे आहे.

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचे गाव आहे. धबधब्यामुळे नाव जगभर झाले, पण शहर लहान. १९७० च्या सुमाराला वस्ती लाखाच्या आतच होती. धबधब्यावर वीज होई, म्हणून रसायनांचे कारखाने तिथे आले. १८९० नंतरच्या दशकात विल्यम लव्ह या गृहस्थाने विजेसाठी कालवा खणायला घेतला आणि पैसा आटल्यावर अर्ध्यात सोडला. सुमारे तीन हजार फूट लांबीचा चर उरला. तोच 'लव्ह कॅनाल'. हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक घाण पिंपे भरभरून लोटली आणि वर चिकणमाती ओढून टाकली.

१९५३ मध्ये ही जागा शाळामंडळाला विकली गेली. किंमत एक डॉलर! आत रासायनिक कचरा पुरला आहे आणि त्यापासून काही अपाय झाल्यास कंपनीवर दावा सांगता येणार नाही, असे खरेदीखतातच लिहिले होते. तरी खरेदी झाली. १९५५ मध्ये त्या जागेवर शाळा भरू लागली. भोवती घरे उठली, रस्ते झाले, गटारांसाठी चर खणले गेले. ज्यांनी कर्ज काढून घरे घेतली, त्यांतल्या बहुतेकांना जमिनीच्या पोटात काय आहे याची गंधवार्ताही नव्हती.

त्या मुलखात घराला तळघर असते. १९७५ नंतर पाऊस आणि बर्फ पुष्कळ झाले, जमिनीतले पाणी चढले आणि तळघरांच्या भिंतींतून काळपट चिकट द्रव पाझरू लागला. मैदानात गंजलेली पिंपे वर डोकावू लागली. तिथल्या एका बातमीदाराने हे वर्तमानपत्रातून लावून धरले. लोइस गिब्ज नावाच्या सत्तावीस वर्षांच्या बाईचा मुलगा त्याच शाळेत होता आणि सारखा आजारी पडे. त्याला दुसऱ्या शाळेत घाला म्हणून तिने अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग ती सह्या गोळा करीत दारोदार फिरू लागली. स्वभावाने लाजाळू बाई, पण पोराचा प्रश्न आला की लाज कुठे राहते!

ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली. चराला लागून असलेल्या दोन रांगांतली २३९ कुटुंबे हलवायचे ठरले आणि भोवती कुंपण घातले. कुंपणाबाहेरच्यांना सांगितले, तुम्हाला धोका नाही. जणू विषाला कुंपण वाचता येते.

बाहेरची मंडळी आजारी होतीच. गिब्ज आणि तिच्या सोबतिणींनी घरोघर विचारपूस केली आणि आजार नकाशावर टाकले. ठिपके सारखे पसरलेले नव्हते. त्यांच्या ओळी पडत होत्या. जुन्या रहिवाशांना विचारले, जुने फोटो काढून पाहिले, तेव्हा कळले की तिथे पूर्वी ओहोळ आणि पाणथळी होत्या. घरे बांधताना त्या बुजवल्या होत्या. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंनी ही माहिती नीट मांडून दिली. साहेबांनी ती बायकांची सांगोवांगी म्हणून झटकली. पुढे खात्याने आपल्याच नोंदी ओल्या आणि कोरड्या जागांप्रमाणे लावल्या, तर ओल्या पट्ट्यात कमी वजनाची बाळे अधिक जन्मल्याचे दिसले. फेब्रुवारी १९७९ मध्ये आणखी गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हलण्याचा सल्ला मिळाला आणि १९८० मध्ये सगळ्या वस्तीला घरे विकून निघण्याची सोय झाली. सगळेच आजार त्या रसायनांनी झाले, असे मात्र शास्त्राने सिद्ध केलेले नाही. तो वाद राहिला.

अशा जागा साफ करण्यासाठी अमेरिकेत डिसेंबर १९८० मध्ये कायदा झाला, तो याच धक्क्यातून. पण लव्ह कॅनालमधली घाण उपसून नेली नाही, ती आजही तिथेच आहे. शाळा आणि जवळची घरे पाडली, चाळीस एकरांवर चिकणमातीचे आणि प्लॅस्टिकचे झाकण घातले, कडेने चर काढून पाझर गोळा केला. ते पाणी शुद्ध करण्याचे काम कधी संपेल असे नाही. आसपासची जमीन राहण्याजोगी आहे का, हे ठरवताना शेजारच्या इतर वस्त्यांच्या मातीशी तुलना केली. मला हे काही पटत नाही. शेजाऱ्याची विहीर तितकीच खराब, म्हणून आपली चांगली कशी? असो. १९८८ मध्ये काही भाग राहण्यास योग्य ठरला, काही फक्त उद्योगधंद्यांसाठी. दोनशेवर रिकामी घरे पुन्हा विकली गेली, वस्तीला नवे नाव मिळाले. २०११ मध्ये जवळच गटाराची दुरुस्ती करताना पुन्हा रसायने हाती लागली आणि कोर्टकज्जे सुरू झाले.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की तालुक्याच्या गावी बंद कारखान्याच्या जागेवर प्लॉट पडतात आणि मुलाच्या शिक्षणासाठी आपण एखादा घ्यायला जातो. सातबाऱ्यावर मालक दिसतो, बोजा दिसतो. पोटात काय पुरले, त्याचा रकाना नसतो. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांबद्दल नियम काढले आहेत. संशयित जागांची नोंद करणे, आधी प्राथमिक मग सविस्तर तपासणी करणे आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घेणे, असे त्यांचे स्वरूप आहे. पण संशय आहे हे कुणीतरी आधी सांगायला हवे.

तेव्हा विसार देण्यापूर्वी त्या कारखान्यात पूर्वी राबलेला एखादा कामगार गाठा. गाळ आणि राख कुठे टाकत, टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कोणत्या बाजूने जाई, हे त्याला विचारा. ओढा होता का, तेही विचारा. मग कूपनलिकेचे पाणी तपासायला द्या. मात्र देताना जड धातू आणि रसायने तपासायची आहेत असे स्पष्ट सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतू पाहतात, बाकीचे सुटू शकते. पाण्याला वास नाही, चव गोड आहे, एवढ्यावर जाऊ नका. आणि हे सगळे विचारायला घरातल्या बाईला सोबत न्या. ती चार घरी चहा घेऊन येईल, तोवर आपल्याला न कळलेले सगळे तिला कळलेले असेल.