कर्ज ही मेहेरबानी नव्हे

बेकरी, गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, भंगार, लूम... आपल्या मोहल्ल्यात धंद्यांची कमी नाही. पण धंद्यासाठी बँकेचे कर्ज घेतलेला माणूस शोधावा लागतो. "आपल्याला कोण देणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता तरुण पोरेही अर्ज करण्याआधीच ते म्हणू लागली आहेत.

तक्रार खोटी नाही. काही बँका ठरावीक भागांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात, तिथे कर्ज सहजासहजी मिळत नाही, असे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते. पण तेवढेच धरून बसलो तर धंदा आहे तिथेच राहील.

मालेगाव किंवा भिवंडीतला छोटा लूमवाला घ्या. व्यापारी सूत देतो, कापड घेऊन जातो. याच्या हाती मजुरी पडते, तीही बऱ्याचदा रोखीने. लूम वर्षभर चालतो, पण कागदावर धंदा दिसतच नाही. मोठ्या बँकेला तर कागदच कळतो: खात्यातली उलाढाल, विवरणपत्र, सिबिल स्कोअर. गल्लीतली नागरी सहकारी बँक माणसाला ओळखते, म्हणून आपण तिथे जातो. पण ओळखीवर कर्ज मिळणार असेल, तर ओळख नसलेल्याने काय करायचे? आणि ओळखीच्यालाच वाट्टेल तेवढे दिले की काय होते, ते 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी भोगले. एकाच बांधकाम समूहात बँकेचा पैसा अडकला आणि रांगेत उभे राहिले सामान्य लोक.

माझे म्हणणे एवढेच, की दोन्ही दारे ठोठवा, पण हक्काने. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे शिशू कर्ज आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. ते मागा. दिले नाही तर आधी बँकेकडे तक्रार करा आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सहकारी बँकेत तर सभासदाला मत असते, शेअर कितीही असोत, प्रत्येकाला एकच. तरी वार्षिक सभेला आपल्यातले किती जण जातात?

व्याजामुळे बँकेपासून लांब राहणारेही आहेत. ज्याचा त्याचा निर्णय, मला आदर आहे. पण बँकेचे व्याज टाळायचे आणि गरज पडली की रोजच्या वसुलीवाल्या सावकाराला त्याच्या कितीतरी पट द्यायचे, याला धर्मपालन म्हणता येणार नाही.

शिकलेल्या मुलामुलींनी एक काम करावे. अब्बांच्या दुकानाची, घरी शिलाई करणाऱ्या अम्मीची उद्यम नोंदणी करून द्यावी. ती ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. रोजची विक्री खात्यात जाऊ द्यावी. मग शेजारच्या एका दुकानदाराचा अर्ज भरावा आणि त्याच्याबरोबर बँकेत जावे. कर्ज मिळाले तर उत्तमच. नाही म्हणाले, तर ते 'नाही' कागदावर घेऊन या. तोंडी नकाराशी भांडता येत नाही, लेखी नकाराशी येते.